बाविसाव्या स्तोत्रातला ‘मी’

(कोल्हापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला इब्री मुळाक्षरे शिकवली. तेव्हा मी विशीत होतो. सर सांगायचे, ‘उजवीकडून वाच, आणि हळू वाच.’ उजवीकडून वाचायला मी महिन्याभरात शिकलो. हळू वाचायला मात्र फार वर्षे लागली. आज त्या हळू वाचण्याबद्दलच बोलायचे आहे.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आपल्या मंडळ्यांत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. चौथा उद्गार आला की वक्ता स्तोत्रसंहिता उघडतो आणि बाविसावे स्तोत्र काढतो. देवाने आपल्याला का टाकले, हा येशूचा प्रश्न या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीतला आहे. मग वक्ता पुढे एकेक दाखवत जातो. बघणारे डोके हलवून थट्टा करतात, ते इथे आहे. जीभ टाळूला चिकटते, तेही आहे. कपडे वाटून घेतात, चिठ्ठ्या टाकतात, सगळे आहे. आणि शेवटी ठरलेले वाक्य येते : दाविदाने हजार वर्षे आधी लिहून ठेवले आणि ते तसेच्या तसे घडले.

हे वाक्य मी स्वतः निरनिराळ्या व्यासपीठांवरून वीस-पंचवीस वेळा तरी म्हटले असेन. आज मी ते तसे म्हणणार नाही. माझा विश्वास डळमळीत झाला आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. हे स्तोत्र येशूमध्ये पूर्ण झाले, असे मी आजही मनापासून मानतो. पण ‘पूर्ण झाले’ म्हणजे काय झाले, हे आपण घाईने सांगतो, आणि त्या घाईत स्तोत्राचे नुकसान होते आणि येशूच्या त्या प्रश्नाचेही.

आधी आपल्या मराठी शब्दांकडे बघू. इब्री ‘नाबी’ म्हणजे देवाच्या वतीने बोलणारा. जुन्या मराठी बायबलात त्याला ‘भविष्यवादी’ म्हटले गेले. पुढे सुधारलेल्या भाषांतरात ‘संदेष्टा’ हा शब्द आला. पण माझ्या पिढीच्या कानात ‘भविष्यवादी’च बसला होता. आणि आपल्याकडे भविष्य म्हटले की काय आठवते? रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य, नाहीतर पंचांग पुढे ओढून ‘पुढच्या चैत्रात योग आहे’ असे सांगणारे काका. मग दावीदही त्याच रांगेत जाऊन बसला. त्याने सांगितले, ते खरे ठरले. म्हणजे आपला धर्म खरा. एका भाषांतरित शब्दाने आपल्याला असे एका बाजूला ढकलले, असे मला वाटते.

दुसरा शब्द ‘पूर्ण होणे’. मत्तय आपल्या शुभवर्तमानात शास्त्रवचन पूर्ण झाले असे पुन्हा पुन्हा म्हणतो, तिथे ग्रीक क्रियापद आहे ‘प्लेरोओ’. त्याचा साधा, घरगुती अर्थ भरणे. माशांनी जाळे भरले, हे सांगताना मत्तयच तेच क्रियापद वापरतो. बेथानीत मरियेने सुगंधी तेल ओतले आणि घर वासाने भरून गेले, तिथे योहानाच्या शुभवर्तमानातही तेच. भाकीत खरे ठरते. जाळे भरते, घर दरवळाने भरते. या दोन गोष्टी एक नव्हेत. जाळे मासे येण्याआधीही जाळेच असते. ते कोणीतरी विणलेले असते, अनेकदा पाण्यात टाकलेले असते, रिकामे वर आलेले असते.

आता या जाळ्याच्या पहिल्या मालकांकडे वळतो. कारण या प्रश्नाची आपल्या मराठी भाषेतली खरी परीक्षा कोल्हापुरात झाली नाही. ती कोकणात आणि मुंबईत झाली.

अलिबागच्या आसपासच्या खेड्यांत बेने इस्राएल हा यहुदी समाज पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत आला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. आडनावे आपल्यासारखीच गावावरून पडलेली : केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर. भाषा मराठी. इब्री प्रार्थना बहुतेक विसरलेली, पण ‘शमा’, म्हणजे देव एकच आहे ही कबुली, प्रत्येक प्रसंगी ओठांवर. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान 1796 साली उभे राहिले. 1813 साली मुंबईत अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले, 1829 साली स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले. विल्सन यांनी 1832 साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून इब्रीचे प्राथमिक व्याकरण छापले. मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, त्यांच्या हाती मराठीतला जुना करार दिला. त्यामागची आशा उघड होती : हे लोक आपलेच शास्त्र आपल्या भाषेत वाचतील, स्तोत्रांतला मशीहा ओळखतील आणि येशूकडे येतील.

बेने इस्राएल मन लावून वाचू लागले. वाचले, आणि आधीपेक्षा अधिक यहुदी झाले. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात मिशनऱ्यांचे शिक्षणाबाबतचे ऋण मोकळ्या मनाने मानले आहे. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 साली मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तने सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखी माणसे त्यात पुढे होती. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळ-मृदंगाच्या साथीने ओवी-साकीत गायली जाऊ लागली. तिकडे अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकारही त्याच थाटात उभे होते. तोच ग्रंथ, तीच मराठी, तेच कीर्तन. आणि दोघांचा उत्तररंग वेगळा.

हे अपयश होते का? माझ्या तरुणपणी मी तसेच समजत होतो. त्यांना कळले नाही, असे सरळ म्हणत होतो. मग एकदा ठाण्याच्या सभास्थानात एका वयोवृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. मी मोठ्या उत्साहाने बाविसाव्या स्तोत्राचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मास्तर, माझी आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून मी तेहिल्लीम, म्हणजे हीच स्तोत्रं, म्हणायचो. तुम्ही म्हणता ते कोणाबद्दल आहे ते मला माहीत नाही. तेव्हा ते तिच्याबद्दल होतं.’

मला उत्तर सुचले नाही. खरे तर उत्तर देण्यासारखे त्यात काही नव्हते.

यहुदी परंपरेत बाविसावे स्तोत्र एस्तेर राणीच्या तोंडी घातलेले आहे. तालमूदमध्ये सांगितले आहे की राजाच्या दालनाकडे जाताना तिच्यापासून देवाचे सान्निध्य दूर झाले, आणि तिने हाच प्रश्न विचारला. अकराव्या शतकातला फ्रान्समधला थोर भाष्यकार राशी याला त्यात हद्दपारीतले सारे इस्राएल दिसले. हाच राशी दुसऱ्या स्तोत्राबद्दल काय म्हणतो तेही ऐकण्यासारखे आहे. पूर्वीच्या गुरूंनी हे मशीहा राजाविषयी सांगितले, पण सरळ अर्थाने बघायचे तर ते दाविदाविषयी आहे, असे तो नोंदवतो. म्हणजे मशीहाचा अर्थ ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणून चिकटवला, असे म्हणणेही पुरते खरे नाही. 1956 साली मृत समुद्राच्या काठच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी सापडली. तीत एक नोंद आहे : दाविदाने एकंदर 4,050 गीते रचली, आणि ती सारी परात्पर देवाने दिलेल्या संदेशशक्तीने रचली. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र दाविदाला संदेष्टा म्हणतो, ती कल्पना त्याच्या काळच्या यहुदी घरातलीच होती. पेत्र परक्या घरात शिरला नव्हता. तो आपल्याच ओसरीवर बसून बोलत होता.

आता त्या गाजलेल्या शब्दाकडे येतो, ज्यावर जवळजवळ दोन हजार वर्षे वाद चालू आहे. आपल्या मराठी बायबलात सोळाव्या वचनात हातपाय ‘विंधले’ असे आहे. इब्री पाठात तो शब्द ‘कारी’, म्हणजे ‘सिंहासारखे’. यहुद्यांनीच ख्रिस्तापूर्वी केलेल्या ग्रीक भाषांतरात मात्र ‘खणले’ या अर्थाचे क्रियापद आहे. फरक एका अक्षराचा : शेवटी योद की वाव. जुन्या हस्तलिखितांत ही दोन अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. एका फराट्याने नाव बदलते आणि जमीन दुसऱ्याच्या नावे जाते. यहूदियाच्या वाळवंटात नाहाल हेव्हेर इथे सापडलेल्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या एका तुकड्यात हे वचन आहे, आणि तिथे बहुतेक अभ्यासकांना वाव दिसतो. म्हणजे ‘खणले’च्या बाजूने एक पुरावा यहुद्यांच्याच हातून जपला गेला आहे. तरी त्या रूपाचे व्याकरण नीट सुटत नाही, आणि सिंहाच्या पाठातही क्रियापद गायब आहे.

सरांनी मला हे सगळे तासभर समजावले आणि मग विचारले, ‘नव्या करारात हे वचन कुठे उद्धृत केलंय ते शोधून आण.’ मी रात्रभर शोधले. मिळाले नाही. कारण ते नाहीच! कपडे वाटल्याचे वचन योहानाने घेतले आहे. भावांना देवाचे नाव सांगण्याचे वचन इब्री लोकांस पत्रात आहे. पहिला प्रश्न मत्तय आणि मार्कात येशूच्या तोंडी आहे. पण हातपायांचे वचन चार शुभवर्तमानांपैकी एकातही पुरावा म्हणून आलेले नाही. योहानाला भोसकल्याचे सांगायचे होते तेव्हा तो जखऱ्या संदेष्ट्याच्या वचनाकडे गेला. हे वचन वादात हत्यार म्हणून वापरले ते दुसऱ्या शतकात जस्टिनने, त्रिफो या यहुद्याशी झालेल्या संवादात. आपण ज्या वचनावर सगळ्यात जास्त जोर देतो, त्यावर प्रेषितांनी जोर दिला नाही. याचा विचार व्हायला हवा.

आणखी एक अडचण मी तुमच्यापासून लपवणार नाही. एकोणसत्तरावे स्तोत्र घ्या. देवाच्या घराच्या आवेशाने खाऊन टाकल्याचे वचन योहान येशूला लावतो, आंब दिल्याचा संदर्भ वधस्तंभाशी जोडला जातो. पण त्याच स्तोत्राचा गायक पाचव्या वचनात आपले मूर्खपण आणि आपले अपराध देवापुढे कबूल करतो. एकेचाळिसाव्या स्तोत्रात भाकर खाणाऱ्या मित्राने लाथ उगारली, हे येशूने यहूदाविषयी म्हटले. तिथेही गायक आधी आपल्या पापासाठी दया मागतो. स्तोत्र म्हणजे पुढचे दिसणारी दुर्बीण असेल, तर ही वचने दुर्बिणीतून निसटतात. ती आपण वगळतो, आणि वगळतो हे कोणाला सांगतही नाही.

ही अडचण पूर्वजांनाही दिसली होती. मोप्सुएस्तियाचा थिओडोर याने चौथ्या शतकात सरळ सांगितले की ख्रिस्ताविषयी म्हणावीत अशी स्तोत्रे फक्त चार : दुसरे, आठवे, पंचेचाळिसावे आणि एकशेदहावे. बाकीची आपापल्या काळाची. मेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 553 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत, त्याचा निषेध झाला. ऑगस्टीन अगदी दुसऱ्या टोकाला गेला : सगळ्याच स्तोत्रांत ख्रिस्त बोलतो, पण कधी मस्तक म्हणून, कधी शरीर म्हणून. पापाची कबुली येते तेव्हा तो आपल्या, म्हणजे मंडळीच्या आवाजात बोलतो. आणि आपल्या कोल्हापूरच्या मंडळीचा वारसा ज्याच्याकडून आला तो कॅल्व्हिन? मिशनरी रॉयल वायल्डर 1852च्या अखेरीस इथे आले, 1870 साली हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. त्या परंपरेचा मूळपुरुष कॅल्व्हिन. त्याचे स्तोत्रांवरचे भाष्य 1557चे. तो बहुतेक ठिकाणी आधी दाविदाच्या घरात थांबतो, त्याच्या भीतीची, आजाराची, शत्रूंची विचारपूस करतो, आणि मग पुढे निघतो. स्तोत्रसंहितेत माणसाच्या मनाचा एकही भाग उघडा केल्यावाचून राहिलेला नाही, असे त्याचे म्हणणे. ही रीत आपण विसरलो. आपण दाविदाच्या घराला वळसा घालून थेट गुलगुथ्याला पोहोचतो.

मग मी कसे वाचतो? मला वाट सापडली ती इथेच, आषाढीच्या दिवशी. कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी निघते. माझे शेजारी दरवर्षी जातात. एका वर्षी त्यांच्याबरोबर मी दोन मैल चाललो. अभंग संपत आला की सगळे मिळून ‘तुका म्हणे’ म्हणतात. पण त्याआधीच्या ओळींत जो ‘मी’ असतो, जो विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, तो कोण असतो? तुकोबा तर असतातच. पण ती ओळ गाताना माझ्या शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते; त्या वर्षी त्यांचा धाकटा मुलगा गेला होता. तुकोबांनी त्या मुलाचे भविष्य सांगितले नव्हते. तुकोबांनी एक ‘मी’ करून ठेवला होता, आणि माझा शेजारी त्यात शिरला. नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगितले, त्याचा एक अर्थ मला त्या दोन मैलांत कळला.

स्तोत्रातला ‘मी’ असाच आहे. दाविदाच्या नावाने तो आला, एस्तेरने तो घेतला, बाबेलच्या बंदिवासातल्यांनी घेतला, ठाण्याच्या त्या गृहस्थांनी आईच्या उशाशी बसून घेतला. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आजोबा गेले त्या रात्री तिने अंधारात हीच पहिली ओळ तीन वेळा म्हटली. भाकीत म्हणून नाही. तिला तेवढेच शब्द सापडले म्हणून. आणि येशू वधस्तंभावर होता, तेव्हा त्यानेही हेच केले. त्याने स्तोत्र उद्धृत केले नाही, त्याने प्रार्थना केली. तीही इब्रीत नव्हे, आपल्या बोलीत, अरामीत. पुराव्यासाठी उद्धृत करणारा माणूस मूळ पाठ काळजीने म्हणतो. दुःखातला माणूस आईच्या भाषेत म्हणतो.

पण इथेच थांबलो तर मी ख्रिस्ती म्हणून अर्धेच सांगितले असे होईल. येशू त्या ‘मी’मध्ये शिरणाऱ्या अनेकांपैकी एक, असे मी मानत नाही. माझा विश्वास असा की त्या एका दुपारी ते जाळे काठोकाठ भरले. टाकलेल्याची तक्रार आणि ज्याच्याकडे तक्रार जाते तो, दोघे तिथे एकाच देहात होते. म्हणून त्याच्या आधी आणि नंतर ज्या कोणी हा ‘मी’ उच्चारला, त्यांना सगळ्यांना त्याने सामावून घेतले, एस्तेरला, माझ्या आजीला, ठाण्याच्या त्या आईला. हे मी सिद्ध करू शकत नाही. सोळाव्या वचनातला योद-वाव कसाही सुटला तरी हे त्याने सिद्ध होणार नाही आणि खोटेही ठरणार नाही.

हे मी एवढे कळकळीने सांगतो याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संमेलनात एका वक्त्याने याच स्तोत्राचा आधार घेऊन यहुद्यांची टवाळी केली : स्वतःच्याच पुस्तकात लिहिलेले ज्यांना वाचता येत नाही असे लोक. मांडव हसला. मीही त्या मांडवात होतो, आणि उठून काही बोललो नाही. थट्टा करणारे डोके हलवतात, हे त्या स्तोत्रातच आहे. त्या दिवशी आमच्या मांडवाने नेमके तेच केले, आणि ते कोणाला जाणवले नाही. ही खंत मनातून गेलेली नाही. युरोपात अशा हसण्यातून पुढे काय काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या मराठी मुलखात शेजाऱ्यांनी बेने इस्राएलांचा छळ केला नाही. ही आपल्या भूमीची पुण्याई आहे, आणि ती आपल्या व्यासपीठांनी खर्चून टाकू नये.

तर मी मंडळ्यांकडे एक मागणी करतो. उत्तम शुक्रवारी आपण बाविसावे स्तोत्र एकविसाव्या वचनापर्यंत वाचतो आणि थांबतो, कारण पुराव्याला लागणारे तिथे संपते. पुढच्या वर्षी एकतिसाव्या वचनापर्यंत वाचा. बाविसाव्या वचनापासून सूर पालटतो. ज्याला टाकले होते तो मंडळीत उभा राहून स्तुती करतो, गरीब पोटभर जेवतात, पृथ्वीच्या कडेची कुळे वळून येतात, आणि अजून जन्माला न आलेल्या लोकांना हे सांगितले जाते. अजून न जन्मलेले म्हणजे कोण? त्यात यहुदी आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि नंदवाळच्या वाटेवरचे माझे शेजारीही असावेत, असे मला मनापासून वाटते.

आणि शेवटच्या दोन शब्दांवर हळू व्हा. इब्रीत ते ‘की असा’ असे आहेत. ‘की’ म्हणजे ‘कारण’ किंवा आपल्या मराठीतलाच ‘की’, आणि ‘असा’ म्हणजे ‘केले’. त्याने केले. काय केले, ते कवीने लिहिलेले नाही. मराठीत वाक्य पुरे व्हावे म्हणून भाषांतरकाराला तिथे एखादा शब्द घालावा लागतो. सरांच्या जुन्या इब्री प्रतीत त्या दोन शब्दांनंतरची जागा कोरी आहे, आणि तिथे त्यांनी पेन्सिलीने काहीही लिहिलेले नाही.